स्विफ्टचं गिअर ऑइल घरी बदलायचंय : आधी कुठला नट, तेल कुठलं, किती?

सव्वापाना :
स्विफ्ट पेट्रोल, पाच गिअर, ६२,००० किमी. गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यावरून दुसरा जड पडतो, दहा मिनिटांनी ठीक. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० (तेलाची जाडी), जीएल-४ (गिअर ऑइलचा वर्ग) दिलंय. दुकानदार म्हणतो जीएल-५ घ्या, ते वरचं. पार्किंग सपाट आहे. सिझर जॅक, रॅचेट, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आहे. इंजिन ऑइल घरीच बदलतो. यात वेगळं काय सांभाळायचं?

गोटी१७ :
इंजिन ऑइलची सवयच इथे नडते. तिथे डिपस्टिक असते, वरून ओतायला झाकण असतं. इथे दोन्ही नाही. गिअरबॉक्सच्या केसिंगच्या बगलेवर फिलर नट (तेल भरायचा), तळाला ड्रेन नट (तेल काढायचा), आणि पातळी म्हणजे फिलरच्या भोकाची खालची कड.

म्हणून आधी फिलर सैल करायचा. तो हलला तरच ड्रेनला हात लावायचा. उलट केलंत आणि फिलर जाम निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि गाडी जागेवर. टो करायची तरी पुढची चाकं उचलूनच, कारण ती फिरली की डिफरन्शियल (गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) कोरडं फिरणार.

दुसरी नेहमीची चूक : खाली शिरून जो पहिला नट दिसतो तो खोलणे. इंजिनचा ड्रेन सम्पला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) असतो, गिअरबॉक्सचा बॅटरीच्या बाजूच्या ॲल्युमिनियम केसिंगला. खोलण्याआधी एक्सल (चाक फिरवणारा दांडा) कुठून बाहेर येतो ते बघा; तो गिअरबॉक्स.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, नुसती जागेवर गरम करू नका. गिअरबॉक्स इंजिनपेक्षा सावकाश तापतो. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, पुढून उचलून दोन्ही बाजूंना स्टँड. सिझर जॅक उचलण्यापुरता, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. दोन्ही नटांभोवतीची माती वायरब्रश आणि रॉकेलने काढा, नाहीतर ती फिलरमधून आत जाते. गोटी सहा कोनी वापरा, बारा कोनी गोटीने जुना नट गोल होतो. ड्रेन काढल्यावर धार संपली तरी वीस मिनिटं ठिबकू द्या.

मग ड्रेन बंद करून गाडी चारही चाकांवर उतरवा आणि तेव्हाच भरा. पुढून उचललेल्या गाडीत भोकाची कड खोटी पातळी दाखवते. बॉनेटमधून दीड मीटर पारदर्शक नळी खाली फिलरमध्ये सोडायची, वर नरसाळं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या कमानीतून भोकापर्यंत हात जातो. ७५डब्ल्यू-९० हे काकवीसारखं उतरतं, घाई केली की नरसाळ्यातून उलटं येतं. थंडीच्या दिवसांत बाटल्या आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. तेल भोकातून वाहायला लागलं की थांबा, धारेचं ठिबकणं झालं की नट लावा.

मापी_लिटर :
मोजून सव्वादोन लिटर घातलं की झालं, वाहायची वाट कशाला बघायची? उगाच सांडासांड.

गोटी१७ :
मॅन्युअलमधला आकडा खरेदीसाठी. एक लिटरच्या तीन बाटल्या आणा. जुनं तेल किती निघालं तेही मोजा; बरंच कमी निघालं तर एक्सलच्या ऑइल सीलकडे बघा. पण भरताना भोक सांगेल तेच खरं, कारण आतल्या कोनाकोपऱ्यांत थोडं जुनं राहतंच. जास्त भरलं तर तेल घुसळून फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं.

तेलकटहात :
जीएल-४ की जीएल-५ यावर. दुकानदाराचं 'वरचं' हे चुकीचं मोजमाप आहे. जीएल-५ हायपॉइड डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्यांच्या मागच्या एक्सलसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी रसायनं जीएल-४च्या साधारण दुप्पट. तुमच्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) पितळी. जुन्या धाटणीचं जीएल-५ गरम झालं की पितळ खातं. आजच्या बऱ्याच तेलांत ते कमी झालंय, पण दुसरी अडचण राहते. सिंक्रो रिंग चालते घर्षणावर : कोनावर घासून गिअरचा वेग जुळवते. तेल फार निसरडं असेल तर रिंग पकडतच नाही आणि गिअर 'खर्रर्र' करून पडतो. बाटलीवर 'जीएल-४/जीएल-५' दोन्ही छापलेलं असलं तरी साधं जीएल-४ मिळत असताना ते घेऊ नका.

आणि ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या मापाचा नाही. गिअर ऑइलचं ९० म्हणजे जाडीला इंजिनचं ४० ते ५०. होंडासारख्या काहींना तर स्वतःचं वेगळं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल) लागतं, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतलं उरलेलं ओतायचं नाही.

ड्रेन नटाच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप बसलेला असेल. तो बोटांत चोळा. गुळगुळीत असेल तर पुसून लावा, ६२,००० किमीला तेवढा असतोच. टोचणारे तुकडे लागले तर दाताचा कपचा उडालाय, तेल बदलून भागणार नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते घमेल्यातल्या तेलात सोनेरी झाक देतं.

आटे_वाचवा :
नट आवळण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि खर्च तिथेच येतो. केसिंग ॲल्युमिनियमचं, नट लोखंडी. लांब दांड्याने 'अजून थोडं' केलं की केसिंगचे आटे जातात. टॉर्क (आवळायचा जोर) गाडीगणिक २० ते ४५ न्यूटन मीटर, तुमचा मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या नटांना याच्या दुपटीहून जास्त लागतो, तो अंदाज इथे नको. नट काढतानाच बघा, खाली वॉशर आहे की आट्यांना सीलंट लावलंय. वॉशर असेल तर नवाच घाला, एकदा दबला की तो सील करत नाही. सीलंट असेल तर जुनं खरवडून आट्यांवर पातळ थर. टोकाला थापलं तर आत पडतं. सुरुवातीचे तीन-चार आटे हातानेच.

गोटी१७ :
बरोबर. आणि केसिंगच्या वरच्या बाजूचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं बारीक तोंड) बघून घ्या. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा सीलमधून तेल ढकलते.

पावसाळी_चाक :
ब्रीदरवरून एक. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर किती किलोमीटर झाले ते मोजत बसू नका, तेल काढून बघा. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. तेल दुधाळ, चहासारखं निघालं तर नवं भरा, दोन-तीनशे किमी चालवा आणि पुन्हा बदला.

तुमचा जड दुसरा थंडीपुरता असेल तर नव्या तेलाने हलका होईल. आधी एक तपासणी : इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका, मग चालू करून क्लच पूर्ण दाबून टाका. बंद असताना मऊ आणि चालू असताना सगळेच अडत असतील, तर क्लच पुरता सुटत नाहीये. एकटा दुसराच, गाडी गरम असतानाही खरखरत असेल तर सिंक्रो.

सव्वापाना :
गरम झाल्यावर अजिबात खरखर नाही, क्लचही ठीक वाटतो. जीएल-४च आणतो, वॉशर आणि स्टँडसह. एएमटी (क्लच पेडल नसलेला, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) असलेल्या दुसऱ्या गाडीचं असंच करता येईल का?

तेलकटहात :
एएमटीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच, तेल बदलायची रीत हीच. फक्त क्लच-गिअर चालवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं तेल वेगळं असतं, त्याच्या टाकीचं झाकण उघडू नका. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर घरी नको. त्यांची पातळी ठरावीक तापमानाला, स्कॅनर लावून बघावी लागते.

आणि निघालेलं तेल गटारात नको. त्याच बाटल्यांत भरून इंजिन ऑइलच्या डब्याबरोबर गॅरेजला द्या.