मदत हवी आहे : पृथ्वीचे कमी होणारे चुंबकत्व नेमके जाते कुठे?

नमस्कार. मी दहावीला विज्ञान शिकवतो. अलीकडेच आम्ही मुलांना अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवायला नेले होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये वेधशाळेचे काम येथे हलवले गेले, ही हकिगत मुलांना फार आवडली. परतताना एकीने विचारले, "सर, चुंबकत्व कमी होतंय म्हणतात, मग ते जातं कुठे?" मला नीट उत्तर देता आले नाही.

माझी समजूत अशी आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होणारा बाह्यगाभा इतका तप्त आहे की तेथे लोखंड कायमचुंबक राहूच शकत नाही. द्रवरूप लोखंड आधीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि तेच प्रवाह क्षेत्र टिकवतात. हे वाहणे थांबले, तर निव्वळ विद्युतरोधामुळे क्षेत्र विरायला दहा हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रत्यक्षात मात्र १८४० पासून क्षेत्राचा द्विध्रुवी भाग (एक उत्तर व एक दक्षिण ध्रुव असलेला मुख्य भाग) सुमारे ९ टक्क्यांनी घटला आहे, म्हणजे याच वेगाने तो दोनएक हजार वर्षांत शून्यावर येईल. एवढी घाई विद्युतरोधाने होणार नाही; तेव्हा द्रवाचा प्रवाहच द्विध्रुव मोडत असला पाहिजे. दक्षिण अटलांटिक आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागाखाली, गाभ्याच्या पृष्ठभागावर, उलट दिशेच्या क्षेत्राचे पट्टे वाढत आहेत, असे वाचले आहे.

येथेच मी अडतो. हे पट्टे गाभ्याच्या आतून वर ढकलले जातात, की आधीचेच क्षेत्र पृष्ठभागावर इकडून तिकडे वाहून नेले जाते? आणि द्विध्रुव क्षीण होताना गाभ्यातील एकूण चुंबकीय ऊर्जा खरोखर घटते, की ती आपल्याला वरून न दिसणाऱ्या स्वरूपात आतच राहते?

ध्रुवांची उलटापालट जवळ आली आहे, असे मी मुलांना सांगत नाही, कारण शेवटची उलटापालट सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी झाली आणि जुन्या विटा-खापरांत भाजताना उमटलेल्या चुंबकत्वाच्या नोंदींनुसार दोन हजार वर्षांपूर्वीचे क्षेत्र आजच्याहून बळकट होते. आजची घट त्या उंचीवरून होत आहे. जाणकारांनी वरील दोन प्रश्नांवर, शक्यतो समीकरणे टाळून, लिहावे. गाभा म्हणजे पट्टीचुंबक हे पाठ्यपुस्तकी चित्र मुलांच्या डोक्यातून काढण्याजोगी एखादी उपमा सुचल्यास तीही हवी आहे.