मदत हवी आहे: मार्फनच्या आयपीएस पेशींपासून महाधमनीच्या स्नायूपेशी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मार्फन सिंड्रोमच्या (संयोजी ऊतींचा आनुवंशिक आजार, यात महाधमनी फुगू शकते) रुग्णाच्या त्वचेपासून केलेली आयपीएस लाइन आहे (म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकतील अशा मूळपेशी), या आजाराला कारण ठरणाऱ्या एफबीएन१ जनुकात बदल असलेली. केंब्रिजच्या गटाने २०१७ मध्ये वापरली तशी न्यूरल क्रेस्टची (भ्रूणातला एक पेशीगट, ज्यातून महाधमनीच्या काही स्नायूपेशी येतात) वाट धरून स्मूथ मसल पेशी, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी, बनवतेय. पीडीजीएफ-बीबी आणि टीजीएफ-बीटा हे वाढीचे घटक दिल्यावर कॅल्पोनिन (स्नायूपेशीची खूण असलेलं प्रथिन) छान दिसतं, पण एमवायएच११ (पक्व स्नायूपेशीची खूण) अगदी फिकट. कार्बाकॉल (पेशी आकुंचन पावतात का ते बघायचं औषध) टाकलं तरी पेशी ढिम्म!

पेशी पक्व व्हायला तुम्ही पुढे सीरममध्ये किती आठवडे ठेवता? आणि खरी अडचण वेगळीच: मार्फनमध्ये टीजीएफ-बीटाचे संकेत मुळातच वाढलेले असतात. तेच माध्यमात ओतलं तर रुग्ण आणि कंट्रोलमधला फरक झाकला जाणार नाही का? कोणत्या टप्प्यावर बंद करता?

कंट्रोल म्हणून निरोगी भावंडाच्या पेशी मिळू शकतात, पण क्रिस्परने (जनुक-संपादनाने) तोच बदल दुरुस्त केलेली लाइन असल्याशिवाय माझा तरी निकालावर विश्वास बसणार नाही. गाइडना हा खर्च जास्त वाटतो.

शिवाय मार्फनमध्ये फुगवटा बहुधा महाधमनीच्या मुळाशी सुरू होतो, आणि तिथल्या बऱ्याच पेशी सेकंड हार्ट फील्डमधून (भ्रूणातला हृदय घडवणारा वेगळा पेशीगट) येतात. मग दोन्ही वाटांनी पेशी कराव्यात का? कोणी केलंय?