पिकअपमधील कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर जोडण्याबाबत

दिंडोरीचा_बागायतदार

नमस्कार. माझ्याकडे डबल कॅबिनचा डिझेल पिकअप आहे. त्यात कंपनीनेच बसवलेला टचस्क्रीन स्टिरिओ आणि दारांमध्ये चार स्पीकर आहेत. गाडीत प्रामुख्याने अभंग आणि भजने ऐकली जातात. गायकाचा आवाज व टाळ स्पष्ट येतात, परंतु पखवाजाच्या धुम्याचा नाद जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि सिन्नरमार्गे पुण्याला जाताना उरलासुरला खर्जही टायरच्या घरघरीत बुडून जातो. मागचा कॅमेरा व स्टिअरिंगवरील बटणे स्टिरिओशी जोडलेली असल्यामुळे, शिवाय गाडीची वॉरंटी शिल्लक असल्यामुळे, मूळ स्टिरिओ बदलण्याची माझी इच्छा नाही. मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानदाराने 12 इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) पेटी मागच्या सीटवर बांधून टाकण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने सीटखाली बसणारा चपटा सबवूफर सुचवला. स्टिरिओच्या मागे ॲम्प्लिफायरला संकेत देणाऱ्या आरसीए जोडणीची सोय नाही. अशा स्थितीत कोणता मार्ग योग्य ठरेल?

सातपूरचा_वायरमन

आपल्या गरजेला सीटखालचा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला 8 इंची सबवूफर पुरेसा आहे. पिकअपचे केबिन लहान आणि बंदिस्त असते. अशा जागेत अगदी खालच्या कंपनसंख्यांना केबिनकडूनच उठाव मिळतो, त्यामुळे मोठ्या गाडीच्या मानाने लहान वूफरवरही काम भागते. 12 इंची पेटीने आपली मागची सीट जाईल, आणि ती पेटी उघड्या हौद्यात ठेवता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आरसीए नसल्याची चिंता करू नये. बहुतेक चपट्या सबवूफरना ‘हाय-लेव्हल इनपुट’ असतो, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या तारांवरूनच त्यांना संकेत घेता येतो. मागच्या दारांच्या स्पीकरच्या तारांवरून जोडणी घ्यावी, मात्र त्यानंतर स्टिरिओमधील फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरच्या आवाजाचा तोल) पूर्णपणे पुढे सरकवू नये, अन्यथा सबवूफरही गप्प होईल. आजकालच्या स्टिरिओमध्ये स्पीकरची ऋण तार ही बॉडीची अर्थ (पत्र्याला जोडलेली परतीची तार) नसते. ती चुकूनही चॅसिसला लावली तर स्टिरिओचे आउटपुट जळू शकते. वॉरंटी सांभाळायची असेल तर मूळ तारा कापू नयेत. आपल्या मॉडेलला बसणारा टी-हार्नेस (फाटा देणारा तयार तारांचा जोड) मिळाल्यास तो दोन कनेक्टरांच्या मध्ये बसतो आणि उद्या काढूनही टाकता येतो.

आता विजेच्या तारेविषयी, कारण सर्वाधिक घोटाळे येथेच होतात. 150 वॉट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या शक्तीचा) डी-वर्ग, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, ॲम्प्लिफायर 13 व्होल्टच्या आसपास सुमारे 15 अँपिअर प्रवाह खेचतो. तो सिगारेट लायटरच्या किंवा स्टिरिओच्या तारेवर घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र 8 गेजची शुद्ध तांब्याची तार आणावी. स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. ते त्याच जाडीत कमी प्रवाह वाहून नेते, आणि टोके पुढे सैल पडण्याची शक्यता असते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच असावा, कारण तो तारेच्या रक्षणासाठी आहे, केवळ ॲम्प्लिफायरच्या नव्हे. इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) हवाच. अन्यथा कच्च्या रस्त्यावरील धक्क्यांनी तारेचे आवरण घासून पत्र्याशी शॉर्ट होईल. अर्थसाठी जवळचा बोल्ट निवडून त्याखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढावा.

गंगापूररोड_श्रोता

वरील सल्ला बरोबर असला तरी माझे मत थोडे वेगळे आहे. सबवूफर घेण्याआधी दारांकडे पाहावे. दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या (कंपन शोषणाऱ्या रबरी) शीट चिकटवून, आतील मोठी भोके बंद केली, तर त्याच मूळ स्पीकरमधून खर्ज लक्षणीय वाढतो, कारण शंकूच्या मागील लहर पुढील लहरीला खोडून काढण्याचे प्रमाण कमी होते. मात्र दाराच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची भोके बुजवू नयेत. तसेच एखाद्या स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या नाहीत ना, हेही एकदा तपासावे. दोन स्पीकर परस्परविरुद्ध फेजमध्ये (एकाचा शंकू बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात) असतील तर सर्वप्रथम खर्जच हरवतो. पखवाजासाठी मला एवढेच पुरेसे वाटले. अर्थात तबल्याच्या बायाँचे घुमणे किंवा ढोलाचा ठोका छातीत जाणवावा, अशी अपेक्षा असेल तर सबवूफरला पर्याय नाही.

दिंडोरीचा_बागायतदार

दोघांचेही आभार. दारांचे काम आधी करून पाहतो. मात्र सबवूफर घेतल्यास एक अडचण आहे: फवारणीच्या हंगामात चिखल व औषधाचे डाग पडतात, त्यामुळे केबिनची जमीन पाइपने धुवावी लागते. सीटखालचे यंत्र कसे टिकेल? शिवाय एका ओळखीच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शीळ येते. तो प्रकार मला नको आहे.

सातपूरचा_वायरमन

पाइपने धुण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. सबवूफर थेट गालिच्यावर न ठेवता लोखंडी पट्टीच्या स्टँडवर दोन बोटे उंच बसवावा, पण सीटची यंत्रणा खाली आल्यावर त्याला लागणार नाही, हे मोजून घ्यावे. त्याच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पंखांतून उष्णता बाहेर जाते, म्हणून त्यावर पोते किंवा प्लॅस्टिक कागद टाकू नये. जमीन ओल्या फडक्याने पुसावी. पाइप वापरायचाच असेल तर यंत्र काढून ठेवावे, आणि ते सहज काढता यावे यासाठी सर्व जोडण्या आधीपासूनच कनेक्टरवर घ्याव्यात.

इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शीळ बहुतेक वेळा खराब अर्थमुळे, किंवा आरसीएची तार विजेच्या तारेला चिकटून नेल्यामुळे येते. आपण हाय-लेव्हल जोडणी घेणार असल्याने धोका कमी आहे. तरीही विजेची तार एका दाराच्या बाजूने आणि संकेताची तार दुसऱ्या बाजूने न्यावी.

शेवटी जुळवणी. स्टिरिओमधील बास शून्यावर ठेवावा, आवाज तीन चतुर्थांशापर्यंत न्यावा आणि मग सबवूफरवरील गेन (येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) हळूहळू वाढवत आवाज फाटण्याच्या आधी थांबावे. लो-पास (ठरावीक मर्यादेवरचे स्वर सबवूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावा. तो वर नेला तर गायकाचा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटतो. फेजचे बटण दोन्ही स्थितींत दाबून, चालकाच्या जागेवर बसून ऐकावे, आणि जेथे खर्ज अधिक भरीव वाटेल तेथे ठेवावे. काही मूळ स्टिरिओ आवाज वाढताच स्वतःहून खर्ज कमी करतात, त्यामुळे मोठ्या आवाजात सबवूफर पुन्हा दबल्यासारखा वाटला तर गेन न वाढवता त्यासोबत येणारा तारेचा बास-रिमोट वापरावा.