रियाजाच्या वहीत नक्की काय लिहायचं?

गानवेल:
शास्त्रीय गाणं शिकतेय, सध्या भूप राग चालू आहे. गुरुजींनी सांगितलंय, रियाज झाला की स्वतःचं गाणं स्वतः तपास आणि वहीत लिहून ठेव. लिहिते मी नेमाने. पण मागची पानं चाळली की सगळीकडे 'आज बरं झालं', 'आज आवाज लागला नाही', 'गंधार (ग) कमी वाटला' एवढंच. त्यातून पुढे काय करायचं, ते उमगत नाही. रेकॉर्डिंग लावलं तर स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो. सूर मोजणाऱ्या ट्यूनर ॲपवर गंधार दर वेळी जरा खाली दिसतो, त्यामुळे अजूनच खचायला होतं. तुम्ही कसं करता?

खर्जसाधक:
मी गाणं शिकवतो. हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गंधार, कारण तिथे तुम्ही विनाकारण खचताय. ॲप सप्तकाचे बारा समान भाग धरून मोजतं. त्या हिशोबात शुद्ध गंधार षड्जापासून (सा) ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्यात मिसळणारा गंधार षड्जाशी ५:४ या कंपनांच्या प्रमाणाचा, म्हणजे साधारण ३८६ सेंटवर. सुई चौदा-एक सेंट खाली दिसत असेल तर तुमचा गंधार सुरेल आहे! तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो. आवाज त्यात विरघळतोय का, एवढंच बघा. ॲप बंद करा.

आवाज नकोसा वाटणं सगळ्यांचंच असतं. गाताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. समोरच्यांना तुमचा आवाज पहिल्यापासून तसाच ऐकू येतोय. फोन तोंडाजवळ ठेवू नका. आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी रियाजाआधी ऐका. गायल्या गायल्या कानात काय गायचं होतं तेच घुमत असतं, काय गायलं ते नाही.

आता वही. 'बरं झालं' हा निकाल झाला, निकालावरून दुरुस्ती करता येत नाही. जागा लिहा. उदाहरणार्थ: 'सा रे ग चढताना गंधार जागेवर, प ग उतरताना ढळला, पंचमावरच श्वास संपला होता.' हे लिहिलं की उद्याचं काम आपोआप ठरतं: फक्त प ग, पुरता श्वास घेऊन. भूपात न्यास (स्वरावर थांबणं) कुठे केलात, तेही नोंदवा. धैवतावर (ध) जास्त रेंगाळलं की देशकार राग डोकावतो, स्वर तेच पाच असले तरी. गाताना हे कळत नाही, ऐकताना लख्ख कळतं.

लयवेडी:
सगळे सुराचं लिहितात, लयीचं कोणी लिहीत नाही! रेकॉर्डिंगबरोबर हाताने ताल धरा. तान घेताना लय पुढे पळते का, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना घाई होते का, हे टाळीवर लगेच पकडता येतं. आणि माझं मत जरा वेगळं आहे: रोज लिहू नये. आठवड्यातून एकदा पुरे, नाहीतर रियाजापेक्षा वहीच मोठी होते.

गानवेल:
खर्जसाधक, खूप आभार. तानपुऱ्याशी लावून पाहिलं, गंधार खरंच मिसळतोय! प ग मात्र तुम्ही म्हणता तसाच ढळतो. एक शंका: हे तपासणं गातानाही चालू ठेवायचं का?

खर्जसाधक:
नाही. गाताना फक्त गायचं. मध्येच तपासायला गेलात की गळा आवळतो आणि आलाप तुटतो. लयवेडी, रोज पान भरायला माझाही विरोध आहे, पण एक ओळ रोज हवीच. आठवड्यानंतर नेमकी जागा आठवत नाही. लयीची सूचना उत्तम, ती मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगणार. गानवेल, प ग सुटं घोटून झालं की 'ग प ध प ग' अशा छोट्या आलापात घालून बघा. सुटा स्वर सुधारला तरी आलापात तो पुन्हा ढळू शकतो, म्हणून नोंद दोन्हींची वेगळी ठेवा. आणि तो आलाप गुरुजींना नक्की ऐकवा.