मदत हवी आहे : बाबुराव शेडमाकेंवरची गोंडी-माडिया गाणी

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात पाचवीला शिकवते. 21 ऑक्टोबरला बाबुराव शेडमाकेंचा शहीद दिन. 1858 साली याच दिवशी इंग्रजांनी चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात त्यांना फाशी दिली. तेव्हा वय अवघं पंचवीस!

मुलांना सनावळी पाठ करायला लावायची नाही, असं ठरवलंय. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने गोंड-माडिया पोरं गोळा करून जंगोम दल नावाची फौज उभी केली, राजगड परगणा घेतला, इंग्रजांच्या कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी नांदगाव-घोसरीला झुंज दिली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव सोबतीला होते. हे सगळं मुलांनी आपल्याच बोलीत सांगावं, असं मनापासून वाटतं. परवा एक मुलगी फळ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमची आजी त्यांचं गाणं म्हणायची." पण आजी आता नाही, आणि पोरीला पहिली ओळसुद्धा आठवेना. तेव्हापासून चैन नाही.

अहेरी, घोट, चामोर्शीकडच्या कुणाच्या घरी अशी गाणी अजून म्हणतात का? मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवाल? शब्दांचा अर्थ सांगणारं कुणी भेटलं तर फारच बरं. गावात यायचीही तयारी आहे, रविवारी निघेन.