सुतार पक्षी माडाचं खोड टोचतोय, हाकलावा का?

माडपोफळी:
दापोलीकडची बाग आहे. दोन जुन्या माडांवर सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतार रोज सकाळी टकटक करतो. बुंध्यापासून दहाएक फुटांवर बोट जाईल एवढी भोकं आहेत. ती त्यानेच पाडली का? शेजारी शेंडा गेलेला तिसरा माड आहे, तो तोडायचाय.

पक्षीवही:
हाकलू नका. कंबर काळी असेल तर तो सोनपाठी सुतार. डोक्यावरची टोपी पूर्ण लाल असेल तर नर. मादीचं कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. मुंग्या, वाळवी आणि सालीखालच्या अळ्या हे त्याचं मुख्य खाणं. ताठ शेपटीचा खोडाला टेकू देतो, ठोकून कानोसा घेतो आणि लांब, चिकट जीभ आत घालून अळी ओढतो. म्हणजे भोकांकडे बघा, पक्ष्याकडे नंतर. तपकिरी चिकट द्राव गळतोय आणि चावलेला चोथा बाहेर आलाय? मग आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत. खोडाला कान लावा, कुरतडल्याचा आवाज येतो. खोडावर नुसत्या मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. घरट्याचं भोक वेगळंच दिसतं: मोठं, वाटोळं, आणि खाली ताज्या ढलप्या पडलेल्या.

तिसरा माड तोडू नका, सुतार तिथेच घर करतो.

कुळागर:
शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. माड कशाने मेला ते आधी बघा. सोंड्याने मेला असेल तर आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन शेजारच्या माडांवर जातात. तो तोडून, फोडून जाळायलाच हवा. वीज पडून मेलेला, आत कोरडा खडखडीत माड मात्र खुशाल ठेवा.

पक्षीवही:
बरोबर, ते सांगायचं राहिलं. कोरडा असूनही तोडायचाच असेल तर आधी घरटं तपासा. वीण साधारण फेब्रुवारी ते जुलै. आत गवत-काडी काही नसतं, बहुधा तीन पांढरी अंडी नुसत्या लाकडावर. सुमारे 11 दिवस उबवण, मग पिल्लं तीनेक आठवड्यांनी बाहेर पडतात. तेवढं थांबा. माड घरावर किंवा वाटेवर कलला असेल तर वरचा भाग उतरवून खालचं दहा-बारा फूट खोड उभं ठेवा. सुताराने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, मैना, पिंगळा राहायला येतात.

माडपोफळी:
एका माडातून द्राव गळतोय. कुरतडण्याचा आवाजही येतोय. उद्याच कृषी सहायकांना बोलावतो.