चिठ्ठ्या-पावत्यांच्या पुस्तकाला कादंबरी म्हणायचं का?

जुळे_सोलापूरची_आई: पोरगी सातवीत आहे माझी. मावशीनं पाठवलेली एक इंग्रजी कादंबरी तिनं एका बैठकीत संपवली म्हणून मी पण वाचली. सातवीतल्याच पोरीची गोष्ट, पण सरळ सांगितलेलीच नाही, फ्रीजवरच्या चिठ्ठ्या, मार्कांचा कागद, दुकानाच्या पावत्या, वर्षभरात काय काय करायचं त्याची यादी, एवढंच, आन त्यातनंच तिचं घर, शाळा, भाऊ सगळं कळत जातं, हसून हसून पोट दुखलं. मराठीत पोरींसाठी असं का नाही? बोकिलांची 'शाळा' घ्या, सांगणारा मुकुंद. त्याच्या आधी गोट्या. पोरी कायम पलीकडच्या बाकावर.

मराठीचा_मास्तर: ताई, ताम्हनकरांनी 'गोट्या' लिहिला तशी 'चिंगी' पण लिहिलीय की! आन पावत्या चिकटवून कादंबरी होत नाही, माझं स्पष्ट मत. वर्गात रोज बघतो, उतारा दिला की पोरं आधी प्रश्न वाचतात, मग उत्तरापुरती उताऱ्यात उडी मारतात. सलग दोन पानं वाचायचा दम राहिला नाही, त्यात ही असली पुस्तकं.

जुळे_सोलापूरची_आई: चिंगी विसरले, चुकलंच माझं. पण ती आमच्या आजीच्या काळातली, आजच्या पोरीचं काय? आन दमाचं उलटं आहे सर. एका पानावर केसाच्या रंगाची पावती, पुढं तो रंग काढायचं बिल, मधे घरात काय महाभारत झालं ते वाचणाऱ्यानंच जुळवायचं.

पूर्वभागातली: आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी. पाचवीला हायस्कूलात गेले तेव्हा धड्यातलं लांब वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची मी. चिठ्ठी मात्र लगेच कळायची. आई विड्या वळायची, किती दिल्या, किती छाट (म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या) निघाल्या ते वहीत मीच मांडायची. माझी कादंबरी कुणी लिहिली तर पहिलं पान त्या वहीचं पाहिजे.

मराठीचा_मास्तर: हे वाचून गप्प झालो बाई. पण तुमच्याच वहीचं सांगतो, छाट जास्त निघाल्या त्या दिवशी आई घरी येऊन काय बोलली ते वहीत कुठंय? त्याला वाक्यंच लागतात.

पूर्वभागातली: काही बोलली नाही सर. दुसऱ्या दिवशीच्या ओळीत दोनशे विड्या जास्त आहेत.